जुन्या पिकअपचे ब्रेक आणि स्टिअरिंग: फिरत्या संदेशातील घातक सल्ला

जुन्या जीपच्या चासीवरील पिकअप सुधारण्याचे 'सोपे उपाय' सांगणारा एक संदेश सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाइलवरून फिरतो आहे. त्यातले सल्ले असे: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा, बाकी काही बदलू नका. ब्रेक ऑईल कमी पडले तर स्टिअरिंगचे ऑईल घाला, दोन्ही हायड्रॉलिकच. जुन्या गाडीत स्टिअरिंगला प्ले (ढिलाई) असतोच, पॉवर स्टिअरिंग लावले की तो जातो. आणि ड्रम ब्रेक मुळातच टाकाऊ, असे त्यात म्हटले आहे. माझ्या भाच्याने हा संदेश वाचून मिस्त्रीला तशी कामे सांगूनही टाकली होती. तो भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला जातो, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

यातले सर्वांत घातक वाक्य ऑईलचे आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑईले ग्लायकोलवर्गीय असतात आणि ब्रेकमधील रबर त्यांनाच सोसणारे असते; स्टिअरिंगचे ऑईल सहसा खनिज तेलापासून बनते आणि ते लागताच हे रबर फुगते. मास्टर सिलिंडरमधील, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या पाइपात दाब तयार करणाऱ्या नळकांड्यातील, वॉशर फुगला की ऑईल परतण्याचे बारीक छिद्र झाकले जाते, पेडल सोडले तरी ब्रेक सुटत नाहीत, चाके तापतात, आणि शेवटी सील निकामी होऊन पेडल तळाला जाते. एकदा असे झाले की नुसते ऑईल बदलून भागत नाही. सगळे सील आणि रबरी होज नवे घालावे लागतात. ज्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर आहे, तिथे एका ठिकाणची गळती म्हणजे चारही चाकांचे ब्रेक गेले. हे लिहिणाऱ्याने भरलेली गाडी घेऊन कधी घाट उतरला असेल, असे मला वाटत नाही.

डिस्कविषयीचा सल्ला अर्धवट आहे, म्हणून तोही धोक्याचाच. ड्रममध्ये आतून दाबल्या जाणाऱ्या शूला फिरणारे चाकच ड्रमवर आणखी घट्ट ओढते. डिस्कमध्ये ही मदत नसल्याने जास्त दाब लागतो आणि त्यासाठी पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवावा लागतो. बूस्टर व्हॅक्यूमवर (हवेच्या पोकळीच्या ओढीवर) चालतो, आणि डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीतून, पुरेसा व्हॅक्यूम मिळत नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. शिवाय ड्रमच्या मांडणीत पाइपात सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. मागच्या चाकांचा दाब जुळवला नाही, तर रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर मागून सरकते.

ड्रमबाबत एक गोष्ट मान्य करावी लागेल: लांब उतारावर तापले किंवा पाणी गेले की ते डिस्कपेक्षा लवकर कमकुवत होतात. पण शूवरचे लायनर, शू ढकलणारे व्हील सिलिंडर आणि ॲडजस्टमेंट नीट असेल, आणि चालक खालच्या गिअरमध्ये उतरत असेल, तर ते टाकाऊ नाहीत. खानापूरच्या पावसात ब्रेक ऑईल ओलावा शोषते, याकडे मात्र कोणी पाहत नाही. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरची मर्यादा १४० अंशांवर येते, म्हणजे तापलेल्या ब्रेकमध्ये ते लवकर उकळते आणि पेडल नुसतेच दबते.

प्लेविषयी मत विचारण्याची गरजच नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्पष्ट आहे: स्टिअरिंग व्हीलवरील ढिलाई ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर एका तासाचे अंतर. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट, पिना नीट अडकवलेल्या असाव्यात, हेही त्याच नियमात आहे. ही ढिलाई झिजलेल्या किंग पिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती पिन), टाय रॉड एंड (चाके वळवणाऱ्या दांड्याचे टोक) आणि स्टिअरिंग बॉक्समधून येते. पॉवर स्टिअरिंग हाताचा जोर कमी करते, झीज भरून काढत नाही. उलट त्याचा बॉक्स पुरेशी आधाराची प्लेट न देता चासीला बसवला, तर तिथे तडा जाण्याचा धोका असतो. वाकलेला स्टिअरिंग आर्म वेल्डिंग करून तर कधीच वापरू नये.

पैसे मोजके असतील तर आधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, नवे होज आणि ताजे ऑईल घ्यावे, मग किंग पिन आणि टाय रॉड एंड. डिस्क त्यानंतर, आणि बूस्टर व व्हॅक्यूम पंपासह पूर्ण संच घेता आला तरच. त्यासाठी लागणारे ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात मापाने करून घ्यावे, गॅरेजच्या दारात कापलेल्या पट्टीचे नको.