झेंडा बदलला, ऊस त्यांचाच

शाळेत तिसरी भाषा सक्तीची करायची का, हा वाद मिटला म्हणे. आमच्या कट्ट्यावर अजून मिटलेला नाही. काल कटिंग हातात पडायच्या आत अण्णांनी तोंड उघडलं, "कायद्याचा दंडुका असल्याशिवाय भाषा टिकत नसती."

"मग मॉरिशसला या," सुनंदा म्हणाली. नणंदेकडे महिनाभर राहून आलीय ती. "१८१० साली इंग्रजांनी ते बेट फ्रेंचांकडून घेतलं. संसदेची भाषा इंग्रजी, फ्रेंचमध्ये बोलायची नुसती मुभा. नोटेवर इंग्रजी, तमिळ, हिंदी. फ्रेंच नाहीच. आणि सकाळी पेपर उघडला की पानंच्या पानं फ्रेंच!"

"गोडवाच आहे तेवढा त्या भाषेत," मिल्या डोळे मिटून म्हणाला. तीन महिने फ्रेंचचा क्लास केल्यापासून हा भाजीवालीलाही 'धन्यवाद'ऐवजी 'मेर्सी' म्हणतो.

"गोडवा उसाचा रे! मळे फ्रेंचांचे. इंग्रजांनी शरणागतीच्या अटींतच त्यांना धर्म, कायदे, रीतीरिवाज राखू दिले, त्यांसोबत भाषाही टिकली. झेंडा बदलला, ऊस त्यांचाच राहिला."

"म्हंजे तिकडंबी साखरसम्राट!" अण्णा उसळले. त्यांचं गेल्या हंगामाचं बिल अजून अडकलंय. मग अर्धा तास काटामारी, चेअरमन आणि २० वर्षांपूर्वी मिल्याच्या वडिलांनी फिरवलेलं मत.

"घरात काय बोलतात गं?" मी गाडी परत रुळावर आणली.

"क्रिओल, तिथली बोली. शब्द बहुतेक फ्रेंचमधून आलेले, पण मान नाही. शेजारची पोरगी, सात वर्षांची. गणिताचं पुस्तक इंग्रजीत, आई समजावते क्रिओलमध्ये, आणि मोठ्या दुकानात शिरलं की तीच आई दंडाला चिमटा काढते, फ्रेंचमध्ये बोल! क्रिओल शाळेत आली २०१२ला, तीही ऐच्छिक. तिथल्या मराठी घरातल्या पोरानं क्रिओल घेतली तर मराठी सुटते, मराठी घेतली तर क्रिओल."

कट्टा गप्प झाला. मला तो चिमटा फार लागला. ज्या भाषेत पोर रडतं, तीच दुकानाच्या दारात सोडून यायची? फ्रेंचला कायदा लागला नाही, कारण हा चिमटा होता. आपल्याकडे इंग्रजी शाळेच्या फाटकाशी हाच चिमटा मी रोज बघतो.

"पण फ्रेंच म्हणजे संस्कृती..." मिल्याचं चालूच.

"तुझा मुलगा मराठी वाचतो का रे?" सुनंदानं विचारलं.

मिल्यानं घाईनं ग्लास खाली ठेवला. "मेर्सी, मामा!"

"मर्जी तुमची," चहावाले मामा म्हणाले, "पण मागचे साठ रुपये देऊन जावा."

अण्णांना असा ठसका लागला की चहा माझ्या शर्टावर.