उभा जन्म आडव्यात

आडवे सात. अक्षरं तीन. ‘बघा, कसा गरजतो आतून!’

सकाळी साडेसातला हे वाचलं आणि साडेसातलाच ‘केसरी’ लिहून मी मोकळा झालो. गरजतो कोण? सिंह. राहतो कुठे? गुहेच्या आत. सिंहाला तीन अक्षरांत काय म्हणतात? यात डोकं खाजवण्यासारखं आहे काय? शिवाय लिहिलं तेही पेनानं. पेन्सिलीनं कोडं सोडवणाऱ्यांविषयी माझं मत बरं नाही. हाताशी खोडरबर ठेवणारा माणूस हरायचं ठरवूनच बसलेला असतो.

अकरा वाजेपर्यंत त्या ‘के’नं उभ्या सातचा आणि ‘री’नं उभ्या आठचा गळा आवळला होता. ‘री’वरून सुरू होणारा चार अक्षरी शब्द आठवून बघा. मला रीत आठवली, रीघ आठवली, रीळ आठवलं, आणि मग मी नुसतीच ‘री’ ओढत बसलो. दुपारी ‘री’ची वेलांटी खोडून पाहिली. संध्याकाळी ‘के’वर अशी रेघ मारली की ती कागदाच्या आरपार गेली आणि मागच्या पानावरच्या कुणा मान्यवरांच्या कपाळावर उमटली.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं. सागर.

छपाईची चूक असणार, असं मी घरात जाहीर केलं. सागराला ‘आतून’ कशाला गरजायला हवंय, तो चांगला बाहेर गरजतो. मग दात घासताना एकदम ब्रश थांबला. ‘कसा गरजतो’ हे दोन शब्द सुटे करून वाचा. क, सा, ग, र, ज, तो. म्हणजे उत्तर दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर, छापील, शुद्ध देवनागरीत पडलेलं होतं. दोन शब्दांमधली एवढीशी मोकळी जागा, तेवढाच काय तो त्याला आडोसा. ‘आतून’ म्हणजे गुहेतून नव्हे, या शब्दांच्या पोटातून. आणि कहर म्हणजे ते अख्खं वाक्य सागराला लागूही पडतं. चोरानं घर धुऊन नेलं आणि जाताना टेबलावर आपला पत्ता लिहून ठेवला, आणि आपण त्या कागदावर दुधाचा हिशोब मांडत बसलो, अशातली गत.

आमच्या वर्तमानपत्रात एकाच पानावर दोन कोडी येतात. डावीकडचं सरळ, उजवीकडचं गूढ. डावीकडचं आई सोडवते. ‘कमळ, तीन अक्षरी’ म्हटलं की ती ‘पंकज’ लिहिते, नाही जुळलं तर ‘जलज’, तेही नाही तर ‘अंबुज’. पंधरा मिनिटांत चौकट भरून, चष्मा मिटून, डब्यात. उजवीकडच्या कोड्याबद्दल तिचं मत एका वाक्यात संपतं. ‘‘सरळ विचारायला काय धाड भरते रे त्याला?’’

प्रश्न बिनतोड आहे. मुळात हा प्रकार सरळच होता. आर्थर विन नावाच्या, लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या पत्रकारानं २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत पहिलं शब्दकोडं छापलं. आकार पत्त्यांतल्या चौकटसारखा. त्यात ‘मजा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यानं वरच्या घरांत स्वतःच भरून ठेवला होता. ती मजा तिथेच राहिली. पुढे कोडं समुद्र ओलांडून इंग्रजांच्या हाती पडलं आणि त्यांनी त्याचं जे केलं ते माझ्या उजव्या बाजूला छापून येतं.

आणि ते काही आपला हेतू लपवत नव्हते. १९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये गूढ कोडी रचणारे एडवर्ड पॉइस मेदर्स यांनी टोपणनाव कुणाचं घेतलं, तर टॉर्केमाडाचं. हा स्पेनमधल्या त्या कुप्रसिद्ध धर्मन्यायालयाचा मुख्याधिकारी. पाखंड्यांचा छळ हे ज्याच्या नावाशी कायमचं जोडलं गेलंय तो. १९३९ मध्ये त्यांच्या गादीवर आले डेरिक मॅकनट. पेशानं ग्रीक-लॅटिनचे मास्तर. त्यांनी नाव घेतलं झिमेनीझ. हाही त्याच न्यायालयाचा मुख्याधिकारी. १९७२ मध्ये जे तिसरे आले त्यांनी देझा नावाचा आणखी एक मुख्याधिकारी हुडकला आणि त्याच्या नावाची रोमन अक्षरं उलटी करून ‘अझेड’ झाले. म्हणजे छळणाऱ्याचं नाव घेतानासुद्धा सरळ घेववलं नाही. वैद्यानं दारावर ‘यमराज’ अशी पाटी लावावी आणि आपण तरी नाडी दाखवायला रोज रांगेत उभं राहावं, असं हे नातं आहे.

यांच्यातच अफ्रिट हे टोपणनाव घेणारे एक होते. त्यांनी या धंद्याचा धर्म सांगून ठेवलाय. कोडेकारानं जे म्हणायचं आहे ते म्हटलंच पाहिजे, पण तो जे म्हणतोय तेच त्याला म्हणायचं असेल असं नाही. मी हे वाक्य बायकोला मोठ्या कौतुकानं ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘यात नवीन काय? मी इतकी वर्षं तेच तर करतेय.’’

एकदा ही मेख कळली की सगळं सोपं, असं सांगणारे लोक भेटतात. प्रत्येक सूत्रात, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या ओळीत, एक सरळ अर्थ असतो, एक तर अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी, आणि उरलेल्या शब्दांत खेळ. ‘अंधार उलटवा, उमेदवार हेच मागतो (२)’. कंसातला आकडा अक्षरांचा. अंधार म्हणजे तम, तो उलटवला की मत. झालं की. पण ‘उलटवा’ हा शब्द ‘उलट वाच’ असं सांगतोय, हे कळायला आधी संशयी व्हावं लागतं, आणि मी जात्याच भाबडा. ‘विकता विस्कटते ती रचना (३)’ या सूत्रावर मी चांगला तासभर हळहळलो. बाजार, कलावंत, कलेची होणारी परवड, असं बरंच काही मनात येऊन गेलं. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. कोडेकाराला त्यातलं काहीही म्हणायचं नव्हतं. त्याला ‘विकता’ची तीन अक्षरं विस्कटून ‘कविता’ करायची होती, बस्.

इंग्रजीत लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, त्यामुळे ऐकायला सारखे आणि अर्थानं वेगळे शब्द तिथे पोत्यानं मिळतात. मराठी बिचारी बरीचशी बोलते तशी लिहिते. इथे त्या लबाडीला वाव कमी, असं मी समजत होतो. मग आलं: ‘ऐकायला गरीब, पण उजाडलं की सुरू (२)’. मी ‘दीन’ लिहिलं. उत्तर होतं ‘दिन’. ज्या ह्रस्वदीर्घानं शाळेत माझे गुण खाल्ले, ते इतक्या वर्षांनी उरलेली दोन घरं खायला परत आलं.

पण मी खरा पेटलो तो वानरावरून. सूत्र असं: ‘नवरा बिथरला, तो बघा फांदीवर! (३)’. नवरा या शब्दाची अक्षरं बिथरून ‘वानर’. आता तुम्हीच सांगा. न, व आणि रा. यातला काना ‘र’चा आहे. तो ‘र’च्या पाठीवरून उपटून ‘व’च्या पाठीला लावायचा अधिकार कोडेकाराला दिला कुणी? अक्षरं हलवायची तर ती आपापल्या काना-मात्रा-वेलांट्यांसकट हलली पाहिजेत. उद्या अनुस्वार उचलून कुणाच्याही डोक्यावर ठेवाल! ‘विकता’ची ‘कविता’ झाली तेव्हा वेलांटी ‘व’लाच धरून होती, हा दाखला देऊन मी संपादकांना तीन पानी पत्र लिहिलं. ते छापलं गेलं नाही. घरात मात्र निकाल तत्काळ लागला.

‘‘उत्तर बरोबर आहे,’’ बायको म्हणाली.

‘‘अगं, पण काना?’’

‘‘एका कान्याचा तर फरक आहे. एवढं काय मनाला लावून घेता?’’

मग सोडवतोस कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. एका गुरुवारी ‘जोडले तर नमस्कार, भरले तर सरकार (२)’ हे सूत्र आलं. मी ते घेऊन आंघोळीला गेलो, ते घेऊन ऑफिसला गेलो, साहेब काहीतरी आकडे सांगत होते तेव्हाही ते माझ्यापाशीच होतं. आणि साहेब ‘कर वजा जाता’ असं म्हणाले. कर! कर जोडले तर नमस्कार. कर भरले तर सरकार. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि ‘वा!’ म्हणालो. त्या तिमाहीत आम्ही तोट्यात होतो. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पण ती जी कळ डोक्यात आत कुठेतरी टक्कन बसते, तिच्यासाठी माणूस आणखी दोन महिने बिनबोभाट अपमान सोसतो.

तोटा एवढाच की ती कळ मग बंद होत नाही. बातमीचा मथळा ‘सभा रद्द’ असा असतो आणि मला त्यात ‘भार’ दिसतो. कुठे ‘वन’ वाचलं की ते आपोआप उलटं होऊन ‘नव’. परवा बायको दारात उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, कधी रद्दी काढणार आहात?’’ क, धी, र, द्दी. माझ्या तोंडून गेलंच, ‘‘धीर.’’

‘‘आणखी किती धरू?’’ ती म्हणाली. रद्दीचा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत आला आहे, कारण प्रत्येक अंकात एखाद-दुसरं घर रिकामं आहे आणि रिकाम्या घरासकट अंक देऊन टाकणं माझ्या जिवावर येतं.

बाजू मांडायला मी इतिहास काढला. ज्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १९२४ मध्ये शब्दकोड्यांना पापी उधळपट्टी ठरवलं, त्यानंच १९४२ मध्ये निमूट स्वतःचं कोडं सुरू केलं. त्याच वर्षी जानेवारीत लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’नं वाचकांना बोलावून बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली. त्यातल्या काहींना मागाहून युद्धखात्याचं पत्र आलं, आणि ते ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला बसले. कोडी सोडवणारी माणसं देशाच्या अशी कामी येतात.

‘‘आजच्याला तुम्हाला किती वेळ लागला?’’

‘‘अजून चालू आहे.’’

‘‘मग युद्धही चालूच असतं.’’

आजचं म्हणजे कालचं. सगळं भरून झालं होतं, उजव्या कोपऱ्यातला दोन घरांचा एक शब्द तेवढा राहिला होता. उभे एकवीस. ‘खाली घालावी लागली, की जातो (२)’. वरून कुठल्याही शब्दाचा आधार नाही, खालच्या घरात ‘न’ आलेला, तोही माझ्या हिशोबानं. खाली काय घालतात? सतरंजी. पण ती घालावी लागली की जातो कोण? पाहुणा तर उलट राहतो. ‘घालावी’ स्त्रीलिंगी, ‘जातो’ पुल्लिंगी. म्हणजे दोघं आहेत, एकीला खाली घातलं की दुसरा जातो. मी संशयी व्हायला शिकलो होतो, त्यामुळे ‘खाली’ उलटं करून पाहिलं, ‘जातो’ विस्कटून पाहिलं, ‘लागली’च्या पोटात ‘गली’ आहे पण ‘गल्ली’ नाही, याची दोनदा खात्री केली. रात्रीचे साडेदहा झाले. अंकावर वाकून वाकून पाठीला रग लागली होती.

आई पाणी प्यायला उठली. माझ्यामागे थांबली. ती उजवीकडच्या कोड्याकडे बघत नाही, तत्त्व म्हणून. त्यामुळे मीच, ऐकवायचं म्हणून ऐकवलं. ‘‘खाली घालावी लागली, की जातो. दोन अक्षरी.’’

‘‘मान,’’ आई म्हणाली. भांडं तोंडाला लावायच्या आधी.

मान खाली घालावी लागली, की मान जातो. मी त्या दोन घरांकडे बघत राहिलो. ‘न’ जागच्या जागी होता.

‘‘आई, कसं सुचलं तुला?’’

‘‘सुचायचं काय त्यात?’’ पाणी पिऊन तिनं भांडं पालथं घातलं. ‘‘तुझं प्रगतिपुस्तक आणायला दर तिमाहीला मीच जात होते ना.’’

ती झोपायला गेली. मी ‘मान’ लिहिलं. पेनानं, आणि वर न बघता.