एक घर, एक वायर

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, कॅमेरे, हातातले गेमिंग कन्सोल अशा बऱ्याच वस्तूंना टाइप-सी पोर्ट सक्तीचा केला. तिकडे ब्रुसेल्समध्ये काय ठरतं त्याचा घोडबंदर रोडशी काय संबंध? पण आमच्या नवऱ्याने ती बातमी वाचली, ‘आता जगात एकच वायर!’ असं जाहीर केलं आणि घरातले सगळे जुने चार्जर पिशवीत भरून भंगारवाल्याला देऊन टाकले. त्यांच्या जागी आला ६५ वॅटचा एक भारदस्त चार्जर, दोन्ही टोकांना टाइप-सी. लॅपटॉप त्यावर, मोबाइल त्यावर, नवऱ्याचा अभिमानही त्यावरच.

मग चिरंजीवांची दहावी संपली. परीक्षेपुरता माझ्या साड्यांखाली दडवलेला, व्हिडिओ गेम खेळायचा वायरलेस कंट्रोलर बाहेर आला (जागा त्याला पहिल्यापासून ठाऊक होती, तो भाग वेगळा), चार्जिंगला लागला आणि ढिम्म. दिवा नाही की काही नाही.

आमच्याकडे वस्तू बंद पडली की प्रत्येकात एक इंजिनिअर जागा होतो. नवरा म्हणाला, लिथियमची बॅटरी बरेच महिने पडून राहिली की पार उतरते, थोडा वेळ तसंच राहू दे, उठेल. रात्रभर राहू दिला. चिरंजीवांना मागच्या बाजूला रिसेटचं भोक सापडलं. त्यात घालायला सिमची पिन हवी. ती घरात कधी कुणाला सापडली आहे? शेवटी माझ्या कानातल्याची तार कामी आली. कंट्रोलर ढिम्मच. मग मोबाइलचा टॉर्च लावून पोर्टमध्ये डोकावलो. आत, अगदी तळाशी, धुळीचा करडा बोळा दाबून बसलेला. तो टूथपिकने हळूहळू ओढून काढला तर त्याला चिकटून एक अख्खी शेव बाहेर आली. पिवळीधमक, अजून कुरकुरीत. प्रीलिमच्या आदल्या रात्री ‘मी गणितं सोडवतोय’ असं मला सांगितलं गेलं होतं.

शेव निघाली, पण दिवा लागेना.

रविवारी मेट्रोच्या खांबांखालून रिक्षाने नौपाड्यात गेलो. दुकानदाराने कंट्रोलर हातात घेतला, काउंटरवर लोंबकळणारी एक मळकट वायर त्यात खुपसली आणि दिवा लागला! केशरी, मस्त संथ लुकलुकणारा. ‘मॅडम, चालतोय की.’ त्याने पैसे घेतले नाहीत, पण ज्या नजरेने पाहिलं त्यापेक्षा घेतले असते तर बरं झालं असतं.

घरी आलो, लावला, पुन्हा अंधार. नौपाड्यात चालतो, मानपाड्यात चालत नाही! सासूबाईंनी दोष मेट्रोच्या कामावर टाकला. आमच्याकडे पाणी कमी येण्यापासून पापड न वाळण्यापर्यंत सगळ्याचं खापर तिथेच फुटतं.

इतका वेळ पेपर वाचत बसलेले आप्पा उठले, आपल्या खोलीत गेले आणि रुमालात गुंडाळलेला एक पिवळट चार्जर घेऊन आले. जुन्या फोनचा, ५ व्होल्ट, १ अँपिअर, चपट्या यूएसबीचा. भंगारवाल्याच्या पिशवीतून त्यांनी तो आधीच काढून ठेवला होता. लावला आणि दिवा लागला.

कारण चिरंजीवांनी शोधून काढलं. दोन्हीकडे टाइप-सी असलं की चार्जर आधी वीज सोडतच नाही. समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचा रेझिस्टर आहे का, ते बघतो. दिसला तरच ५ व्होल्ट. आमच्या सोसायटीचा वॉचमन तसाच: माणूस रोजचा ओळखीचा असला तरी ॲपवर अप्रूव्हल आल्याशिवाय दांडा वर करत नाही. काही स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये नेमका तो रेझिस्टरच गाळलेला असतो. आप्पांच्या चार्जरला असल्या चौकश्या ठाऊक नाहीत. वायर जोडली की ५ व्होल्ट हजर.

ऐकून नवरा बराच वेळ ६५ वॅटकडे बघत होता. मी त्याला चहा दिला.

चार्जर आता आप्पांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या जानव्याला. हवा असेल तर आधी त्यांना क्रिकेटचा एक डाव खेळू द्यायचा, अशी अट आहे. काल पहिल्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. कंट्रोलर उलटा करून त्यांनी पोर्टमध्ये निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘यात अजून शेव आहे.’