मुंबई–न्यूयॉर्क अंतर: एका आक्षेपाला उत्तर

महोदय, सविनय नमस्कार.

मुंबई ते न्यूयॉर्क या हवाई अंतरावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: पश्चिमेकडच्या न्यूयॉर्कसाठी मी विमान आइसलँडवरून का फिरवले, एकाच अंतराचे ७,७८७ आणि ६,७६६ मैल असे दोन आकडे कसे, आणि आपल्या प्रवासात समोरच्या पडद्यावर १३,००० किलोमीटरहून अधिक अंतर दिसले असताना मी सुमारे १२,५३० किलोमीटर कोठून आणले.

मैलांची चूक सर्वस्वी माझी. पहिला आकडा रस्त्याच्या मैलांचा (१.६०९ किमी) आणि दुसरा वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांचा (१.८५२ किमी) आहे, मी दोन्हीकडे नुसते ‘मैल’ लिहून मोकळा झालो. दुरुस्ती केली आहे.

आइसलँडबाबत मात्र माघार घेता येत नाही. आपली सरळ रेषा भिंतीवरच्या नकाशात सरळ आहे, आणि तो नकाशा विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश ताणून दाखवतो. गोलावरचे सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, मोजावे लागते. आपला आक्षेप वाचून मी लेकीचा शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल माळ्यावरून काढला, शिवणाचा दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून धरला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. तो मॉस्कोजवळून, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि आइसलँड ओलांडत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी उतरला. भरला साडेएकोणतीस सेंटिमीटर. मग सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को आणि अटलांटिक असा आपला मार्ग लावला, तेव्हा दोरा सारखा वर सरकू लागल्याने जागोजागी घरच्यांची बोटे उसनी घ्यावी लागली, आणि लांबी साडेतेहेतीसच्या आसपास गेली. हिशेबाने हा मार्ग सुमारे १४,२०० किलोमीटरचा होतो. जास्तीचे अंतर जवळपास मुंबई ते कोलकाता या हवाई अंतराएवढे आहे.

पडद्यावरचा आकडा आणि माझा आकडा, दोन्ही बरोबर असू शकतात. माझा आकडा भूमितीचा आहे, विमानाला मात्र देशांच्या हवाई हद्दी पाहाव्या लागतात. २०२२ पासून अमेरिकी विमानकंपन्यांना रशियाची हद्द बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हद्द बंद केली, त्यामुळे मुंबईहून निघताच वायव्येकडे वळण्याची वाट खुंटली. शिवाय उंचावर पश्चिमेकडून वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात. ते टाळण्यासाठी किलोमीटर वाढले तरी चालतील, पण वेळ आणि इंधन वाचावे, असा मार्ग निवडला जातो. तेच वारे पाठीशी असल्याने परतीचा प्रवास लवकर आटोपतो, हे आपणही अनुभवले असेल.

आपला प्रवास कोणत्या साली आणि कोणत्या देशाच्या विमानकंपनीने झाला, हे कळवल्यास तो वळसा कोणत्या हद्दीपायी पडला असावा, याचा अदमास घेता येईल.