चिनी मालक, रोमानियन नोकर: एका तक्त्याविषयी

आज सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक तक्ता आला. इटलीत स्थायिक झालेल्या परदेशी समाजांपैकी कोण किती यशस्वी ठरले, याची ती क्रमवारी होती. चिनी लोक वरच्या टोकाला होते, रोमानियन पार तळाशी होते आणि ज्यांनी तो तक्ता पाठवला त्यांनी खाली स्वतःची ओळ जोडली होती: "चिनी येतात आणि मालक होतात, रोमानियन येतात आणि नोकरच राहतात. आपण कोणाचा कित्ता गिरवायचा, ते ठरवा." पाहता पाहता त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी गटात काहीच लिहिले नाही. इथे लिहिते आहे, कारण माझ्या मित्रयादीतली माणसे कोणाची किंमत त्याच्या दुकानाच्या पाटीवरून करत नाहीत, हे मला पुरते ठाऊक आहे आणि तुम्हाला ते पटवून द्यायची गरज नाही.

मी प्रातोत राहते. फ्लॉरेन्सला लागून असलेले हे कापडाचे शहर. जवळपास दोन लाख वस्ती आणि त्यात नोंदणी झालेले चिनी तीस हजारांच्या वर. माझे बालपण इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेले आणि पोटापाण्याचा व्यवसायही कापडाचाच आहे, त्यामुळे अशा गावात पैसा कोणाच्या हाती असतो आणि कोणाच्या वाट्याला नुसते काम येते, हे मला कोणी तक्ता काढून शिकवावे लागत नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध सिन्योरा राहत असत. आयुष्यभर लोकरीच्या गिरणीत राबलेल्या त्या बाई शेवटची काही वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना सांभाळायला रोमानियातल्या बाकाउजवळच्या एका खेड्यातून आलेल्या बाई होत्या. इथे अशा कामाला 'बादांते' म्हणतात. चोवीस तास त्याच घरात राहायचे, सिन्योरांच्या खोलीलगतच्या अरुंद पलंगावर झोपायचे, रात्री तीनतीनदा उठून त्यांची कूस बदलायची, आणि गुरुवारची दुपार व रविवार एवढीच काय ती सुटी. पगार महिना हजार-बाराशे युरो. गेल्या हिवाळ्यात सिन्योरा गेल्या आणि ज्या दिवशी त्या गेल्या त्याच दिवशी या बाईंची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही गेले. सिन्योरांच्या मुलांनी महिनाअखेरपर्यंत खोली मोकळी करायला सांगितले. ती मुले उद्धट नव्हती. त्यांना फ्लॅट विकायचा होता, एवढेच. आता सांगा, तक्त्यातल्या 'आर्थिक स्थिती' या रकान्यात ही गोष्ट कुठे बसते?

'नोकरच राहतात' या दोन शब्दांनी माझे डोके आज दिवसभर भणभणले आहे. रोमानियन लोक इटलीत दहा लाखांच्या वर आहेत. परदेशी नागरिकांत त्यांच्याएवढा मोठा समाज इथे दुसरा नाही. १९८९ नंतर त्यांच्या देशातले कारखाने एकामागून एक बंद पडले, २००२ मध्ये त्यांना व्हिसाविना येण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी इटलीने बेकायदा कामगारांना कायदेशीर करून घेतले तेव्हा सर्वाधिक अर्ज त्यांचेच होते, आणि १ जानेवारी २००७ रोजी रोमानिया युरोपीय संघात गेला. तरीही इटलीने त्यांच्यासाठी कामाचा सगळा बाजार लगेच मोकळा केला नाही. २०११ अखेरपर्यंत काही क्षेत्रांत निर्बंध होते, आणि ज्या थोड्या क्षेत्रांत पहिल्या दिवसापासून मुभा होती त्यांत शेती, बांधकाम आणि घरकाम ही प्रमुख होती. म्हणजे ज्या कामांना इटालियन हात मिळत नव्हते तेवढीच दारे उघडायची आणि वीस वर्षांनी म्हणायचे, हे लोक याच कामांत का बरे अडकले? शिवाय २००७ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये एक खून झाला, आरोपी रोमानियाचा निघाला, आणि काही दिवसांत सरकारने युरोपीय नागरिकांनाही देशाबाहेर घालवता यावे म्हणून वटहुकूम काढला. त्या हिवाळ्यात बसमध्ये फोन वाजला तर आपण तो उचलत नसू, आपली भाषा कोणाच्या कानावर पडू नये म्हणून, असे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला एकदा जिन्यात उभ्या उभ्या सांगितले होते.

आता तक्त्याच्या वरच्या टोकाकडे येते. हो, चिनी समाजात स्वतःचा धंदा असणाऱ्यांचे प्रमाण खूप मोठे आहे, हे मान्य. पण ते का आहे, हे विचारायची तसदी त्या गटात कोणी घेतली का? इथले बहुतेक चिनी जेजियांग प्रांतातल्या वेनझोऊ आणि त्याच्या आसपासच्या भागातून आले. इटली आणि चीन यांच्यात १९८५ मध्ये गुंतवणुकीचा करार झाला आणि चिनी नागरिकांना इथे स्वतःच्या नावावर धंदा करण्याची वाट मोकळी झाली. रोमानियन माणसाला आज इथे राहायला परवाना लागत नाही. नगरपालिकेत नाव नोंदवले की झाले. चिनी माणसाला आपल्यासारखाच पेरमेस्सो, म्हणजे राहण्याचा परवाना, लागतो, तो नूतनीकरणाला गेला की उत्पन्न दाखवावे लागते, आणि नोकरी सुटली की काळजाचे पाणी होते. अशा माणसाने स्वतःचे दुकान काढले तर त्यात महत्त्वाकांक्षा असेलही, पण पुन्हा कोणा मालकाच्या कागदावर जगायला लागू नये, ही धास्तीही तेवढीच असते. भांडवल बँक देत नाही, भाऊबंद देतात. आपल्याकडे भिशी चालते तसे त्यांचेही नातेवाइकांचे आणि गाववाल्यांचे फंड चालतात. पैसा विश्वासावर मिळतो, तारण मागत नाहीत, पण तो बुडवला तर वेनझोऊत आईबापांना तोंड दाखवायला जागा उरत नाही.

आमच्या इमारतीखाली जो कॉफी बार आहे तो एका चिनी जोडप्याने एका म्हाताऱ्या इटालियन मालकाकडून विकत घेतला. मालकीणबाई पहाटे शटर वर करतात आणि रात्री उशिरा खाली ओढतात. मागच्या टेबलावर त्यांचा मुलगा गृहपाठ करत बसलेला असतो. तो जन्मला इथेच, पण तान्हा असतानाच आजीआजोबांकडे वेनझोऊला पाठवला आणि शाळेच्या वयाचा झाल्यावर परत आणला. परत आला तेव्हा तो आईला ओळखत नव्हता. हे मला त्यांनी कॉफीचे यंत्र पुसता पुसता, माझ्याकडे न बघता सांगितले.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई निघाल्या तो रविवार होता. रोमानियाला सामान आणि माणसे नेणाऱ्या पांढऱ्या व्हॅन रविवारी ठरावीक वाहनतळांवरून सुटतात. चिकटपट्टीने आवळलेली खोकी, त्यांवर मार्करने लिहिलेली गावांची नावे, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या साठीकडे झुकलेल्या बायका. व्हॅनला वेळ होता म्हणून त्या आपल्या दोन पिशव्या घेऊन खालच्या बारमध्ये बसल्या होत्या आणि मी सोबतीला होते. मालकीणबाईंनी कॉफी ठेवली आणि सरळ विचारले, "इतकी वर्षे राबलीस, किती साठवलेस?" त्यांच्यात असे विचारण्यात काही वावगे नसते. बाईंनी फोन काढून फोटो दाखवला: दुमजली घर, लाल कौले, नवी न्हाणी, त्यातल्या फरशीवरची निळी नक्षी त्यांनी स्वतः निवडलेली. "या घरात राहतं कोण?" असे मालकीणबाईंनी विचारले. कोणीच नाही. मुलगी स्पेनमध्ये आहे. मालकीणबाई बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे घर तरी आहे. माझ्याकडे दुकान आहे आणि कर्ज आहे. आणि तुला रविवार असतो."

हा प्रसंग मी आज दिवसभर मनात घोळवते आहे, कारण त्या टेबलाशी बसलेल्या दोघींपैकी सुखवस्तू कोण, हे मला ठरवता येत नाही, आणि कोणीतरी घरबसल्या रकाने आखून ते ठरवून मोकळे होते.

आणि 'चिनी समाज' म्हणजे तरी कोण? १ डिसेंबर २०१३ च्या पहाटे याच प्रातोच्या औद्योगिक वसाहतीत एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कामगार कारखान्यातच कप्पे करून झोपत असत आणि खिडक्यांना गज होते. सात माणसे मेली. सातही चिनी होती, आणि धंदाही चिनीच चालवत होते. ती सात माणसे तुमच्या तक्त्यात कुठल्या ओळीत आहेत? 'मालक होतात' त्या ओळीत? मला हे विचारायचा हक्क आहे, कारण मी त्या वसाहतीतून जाते, तिथे आठवडाभरात शिवून बाहेर पडणारा 'प्रोंतो मोदा', म्हणजे झटपट फॅशनचा माल, बघते, आणि एका ब्लाउजची शिलाई किती सेंटवर येते त्याचा हिशेब मला करता येतो. अलीकडे त्याच शिलाईयंत्रांवर आणि इस्त्रीवर पाकिस्तानी आणि बांगलादेशी मुले बसलेली दिसतात आणि संपावर जाताना त्यांची मागणी 'आठ गुणिले पाच' एवढीच असते: दिवसाला आठ तास, आठवड्याला पाच दिवस. एकविसाव्या शतकात, टस्कनीत! मालक चिनी झाला यात मला त्या समाजाचे एकसंध यश दिसत नाही. काही कुटुंबे वर गेली, काही अजून शिलाईयंत्राशीच आहेत, आणि सगळ्यांत खालची जागा आता दुसऱ्या कोणी भरली आहे, एवढे मात्र दिसते.

पैशाच्या आकड्यांचे म्हणाल, तर इटलीतून चीनला अधिकृत मार्गाने जाणारी रक्कम २०१२ च्या सुमारास अडीच अब्ज युरोंच्या पुढे होती, आणि पुढे ती इतकी घसरली की नोंदींत ती नावापुरतीच उरली. चिनी लोक एकाएकी कंगाल झाले नाहीत. तो पैसा आता दुसऱ्या वाटांनी जातो किंवा इथेच धंद्यात गुंततो. त्यातल्या काही वाटा कर चुकवणाऱ्या आहेत, हे मी नाकारत नाही. रोमानियन बाई मात्र दर महिन्याला खिडकीशी उभी राहून पावती घेऊन पैसे पाठवते, म्हणून ती आकड्यांत पुरती दिसते. जो दिसतो त्याचे मोजमाप होते आणि जो दिसत नाही त्याच्याविषयी दंतकथा तयार होतात.

तक्ता पाठवणाऱ्या त्या मुलाचा राग मी किती करावा, हेही मला लिहिता लिहिता कळेनासे झाले आहे. तो नुकताच आला आहे, पेरमेस्सोसाठी क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे देऊन महिनेमहिने वाट बघतो आहे, आणि आपण चुकीच्या रांगेत तर उभे नाही ना, ही भीती त्याला खाते आहे. ती भीती मी ओळखते. आपल्यालाही चिनी माणसासारखीच नागरिकत्वासाठी दहा वर्षे थांबावे लागते आणि ते मिळाले की जुना पासपोर्ट सोडावा लागतो. रोमानियन माणसाला चार वर्षे पुरतात आणि त्याचा पासपोर्टही त्याच्याकडेच राहतो. दहाची पाच वर्षे व्हावीत म्हणून जून २०२५ मध्ये सार्वमत घेतले, तर पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत. एवढ्या अनिश्चिततेत माणूस यशाची खूण शोधणार, हे मी समजू शकते. पण ती शोधताना म्हाताऱ्यांची अंथरुणे बदलणाऱ्या बायकांना तळाशी ढकलून शेजारी 'नोकर' असे लिहायचे, हे मी समजून घेणार नाही. युक्रेनच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी २००५ मध्ये अशा बायकांच्या नैराश्याला 'सिंद्रोमे इतालिया', म्हणजे 'इटलीचा आजार', हे नाव दिले. इथे दुसऱ्यांचे आईबाप सांभाळायचे आणि तिकडे स्वतःची मुले आजीच्या पदराआड वाढवायची, याची किंमत आधी त्या बायकांनी भरली आणि मग त्यांच्या मुलांनी.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीचे तसेच झाले. ती आईशी फोनवर बोलते, पण त्या घरात पाऊल ठेवत नाही. घर बांधून झाले तेव्हा ती मोठी होऊन निघून गेली होती.

बाई महिनाभर त्या रिकाम्या घरात राहिल्या आणि परत आल्या. आता पिस्तोइयाजवळ एका नव्वदीच्या गृहस्थांना सांभाळतात. त्यांना निदान सदुसष्ट पूर्ण होईपर्यंत काम करायचे आहे, कारण तोवर पेन्शन नाही. युरोपीय नियमांमुळे त्यांची तरुणपणची रोमानियन गिरणीतली वर्षेही पात्रतेसाठी धरली जातील, ही त्यांच्या पासपोर्टची देणगी आहे, आणि ती खालच्या मालकीणबाईंच्या नशिबी नाही. पण पेन्शनची रक्कम ठरते ती भरलेल्या वर्गणीवर, आणि सिन्योरांच्या आधी ज्या एका घरी त्या होत्या तिथल्या कुटुंबाने त्यांचा बराच काळ कागदावर दाखवलाच नाही. गेल्या गुरुवारी त्या ते कागद घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. अशी न भरलेली वर्गणी वसूल करण्याची मुदत पाच वर्षांची असते. ती केव्हाच उलटून गेली आहे.