गाजलेल्या गाण्यांपलीकडचा केंड्रिक

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारवरच्या तुमच्या लेखात त्याची तीच ती हिट गाणी आलीत. त्याच्या ‘डॅम’ अल्बमला २०१८ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला, मान्य. पण २०१२च्या ‘गुड किड, मॅड सिटी’ अल्बममधलं ‘सिंग अबाउट मी, आय ॲम डाइंग ऑफ थर्स्ट’ हे गाणं कसं सुटलं, भाऊ? 12 मिनिटांचं आहे, भुसावळ-जळगाव अपडाऊनमध्ये अर्धा रस्ता त्यातच जातो. पहिल्या कडव्यात मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ बोलतोय, अन् ओळ पुरी व्हायच्या आत गोळ्यांचा आवाज. दुसऱ्यातली बाई मी विरणार नाही म्हणते आणि तिचाच आवाज विरत जातो. मला वाटलं इअरफोन गेला! (शंभराचा होता, शंका रास्तच.) इंग्रजी निम्मं डोक्यावरून जातं. पण ही रीत ओळखीची वाटते, आमची आजी जात्यावर अहिराणी ओव्या अशाच दुसऱ्याच्या तोंडून म्हणायची.