थोडं स्ट्रेच करा, मॅडम

फेब्रुवारी संपत आला की आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दोन गोष्टी उगवतात. एक अप्रेझलचा फॉर्म आणि दुसरी एचआरवाली मुलगी. फॉर्मला निदान डेडलाइन असते. ही मुलगी कॉफी मशीनपाशी, पार्किंगमध्ये, एकदा तर वॉशरूमच्या दारात उभी होती.

“मॅम, आठ मार्चला दहा मिनिटं बोलाल ना? लीडरशिपवर. काहीतरी लाइट. फन.”

“मीच का गं?”

“मॅम, बाकीच्या सगळ्या मॅम बिझी आहेत.”

एवढ्या प्रेमाने कुणी निवड केल्यावर नाही कसं म्हणणार? अडचण विषयाची होती. मागच्या वर्षीच्या वक्त्या मॅडमनी जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई आणि झाशीची राणी अशा चौघींना दहा मिनिटांत बसवलं होतं. माझ्यासाठी मागे कुणी ठेवलंच नव्हतं. रात्री पोळ्या लाटता लाटता मी हे गाऱ्हाणं मांडलं, तर सहावीतली धाकटी म्हणाली, “आई, इलॅस्टिगर्ल घे ना. तू सेम तिच्यासारखी आहेस.”

मी सुखावले. “म्हणजे शूर?”

“नाही. म्हणजे तू एकाच वेळी सगळीकडे असतेस आणि ओरडत असतेस.”

ज्यांच्या घरी या सिनेमाची पारायणं झालेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘द इन्क्रेडिबल्स’ हा पिक्सारचा 2004 सालचा सिनेमा. सरकारने सुपरहिरोंवर बंदी घातल्यामुळे बॉब नावाचा रेड्यासारखा ताकदवान माणूस विमा कंपनीच्या क्यूबिकलमध्ये मान मोडून बसलाय आणि त्याची बायको हेलन, म्हणजे पूर्वीची इलॅस्टिगर्ल, तीन पोरं सांभाळतेय. तिचं अंग रबरासारखं हवं तेवढं ताणतं. दिग्दर्शक ब्रॅड बर्डने शक्तींचं वाटप घरातल्या माणसांकडे बघूनच केलं. बापाला ताकद, वयात येणाऱ्या लाजऱ्या मुलीला अदृश्य होण्याची कला, दहा वर्षांच्या पोराला सुसाट वेग, आणि आईला? आईला ताण.

दुसरा भाग आला 2018 मध्ये, आणि पहिला जिथे संपला तिथूनच पुढे सुरू झाला. मधे चौदा वर्षं गेली, पण पडद्यावरचं तान्हं बाळ अजून लंगोटातच. माझा थोरला जन्मला 2004 मध्ये. दुसऱ्या भागाला मी त्याला घेऊन गेले तेव्हा त्याला मिसरूड फुटली होती आणि तो माझ्यापासून चार सीट लांब बसला होता. त्या हेलनबाईंचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो तिथे.

तर रविवारी दुपारी वही-पेन घेऊन मी दोन्ही भाग ‘अभ्यासाला’ लावले. नवऱ्याला सांगितलं की हे ऑफिसचं काम आहे. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि “चहा मीच टाकतो” म्हणाला. सुखी संसारात प्रश्न कमी विचारले जातात.

वहीतली पहिली नोंद दारांची. खलनायकाच्या बेटावरच्या तळात हेलन चोरून शिरते. आधी तिथल्या चकचकीत भिंतीत स्वतःचं प्रतिबिंब बघते, कंबरेखालचा घेर न्याहाळते आणि उसासा टाकते. जीव धोक्यात असताना! हे ज्याने सुचवलं त्याला कुणा बाईनेच सांगितलं असणार. मग आपोआप बंद होणाऱ्या दारांमध्ये ती अडकते. अंगाचा एकेक भाग एकेका दारात, मधे लांबच लांब ताणलेली हेलन, आणि पहारेकरी आले की जो अवयव जिथे आहे तिथून ती त्यांना लोळवते. मी सिनेमा थांबवला. सोमवार ते शुक्रवार माझा एक कान क्लायंटच्या कॉलवर, एक हात कुकरवर, पाय कुरियरवाल्यासाठी उघडलेल्या दारात आणि डोळा धाकटीच्या वहीत असतो. फरक एवढाच की मी अजून कुणाला लोळवलेलं नाही.

दुसरी नोंद खर्चाची. दुसऱ्या भागात एक श्रीमंत उद्योगपती सुपरहिरोंची बंदी उठवायला निघतो. त्यासाठी त्याला आधी एकच चेहरा हवा असतो. बॉब छाती पुढे काढून बसलेला, आणि निवड होते हेलनची. शौर्यामुळे वगैरे नाही हो. हिशेब केला तेव्हा तिच्या कामगिरीत मोडतोड सगळ्यांत कमी निघाली, म्हणून! मला आमच्या मॅनेजरचा आवाज ऐकू आला. “हे प्रोजेक्ट मॅडमना द्या. त्या एक्स्ट्रा माणसं मागत नाहीत.” त्या दिवशी मी त्याला थँक यू म्हणाले होते.

मग बॉब घरी राहतो. पोराचं गणित घेऊन बसतो आणि भडकतो, की गणित गणित असतं, ते बदलतात कशाला? इथे चहा घेऊन आलेला माझा नवरा “बरोबर बोलला!” म्हणून खालीच बसला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ वाचायला दिलं होतं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र बॉब झाला होता. आमची धाकटी तेव्हा शाळेतही जात नव्हती, तरी हा पठ्ठ्या कुटुंबाच्या ग्रुपवर तीन दिवस लढत होता. पण खरं सांगायचं तर बॉब रात्र जागून ते गणित शिकतो आणि पोराला शिकवतो. “हे बघ, हे बघ,” मी म्हटलं. नवऱ्याला तेवढ्यात गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

आणि हो, हेलन तिकडे कामगिरीवर असताना पोराचा तिला फोन येतो, माझे बूट सापडत नाहीयेत. ती म्हणते, पलंगाखाली बघ. यावर मी भाष्य करणार नाही. वही बंद करून थोरल्याला फोन केला. तो पिलानीच्या हॉस्टेलवर असतो. “चार्जर सापडला का रे?” “हो, पलंगाखालीच होता.”

एडना मोडबद्दल मात्र बोलायलाच हवं. ही बुटकी, जाड भिंगाच्या चष्म्याची बाई सुपरहिरोंचे कपडे शिवते. तिला आवाज खुद्द दिग्दर्शकाने दिलाय. तिचा एकच हट्ट, पाठीवर केप म्हणून लावायची नाही. का? तर थंडरहेडची केप क्षेपणास्त्राच्या पंखात अडकली, स्ट्रॅटोगेलची विमानाच्या टर्बाइनमध्ये, मेटामॅन एक्स्प्रेस लिफ्टमध्ये गेला, डायनागाय उड्डाण करतानाच अडकला, स्प्लॅशडाउनला भोवऱ्याने ओढलं. तारखांसकट तोंडपाठ! आपल्याकडे एडना रस्तोरस्ती आहेत. जन्मात न पाहिलेला माणूस जीव धोक्यात घालून तुमच्या स्कूटरशेजारी गाडी आणतो, तुम्ही घाबरता, आणि तो ओरडतो, “ओ ताई, ओढणी!” आणि वाऱ्यासारखा निघून जातो. समाजावरचा माझा विश्वास या लोकांनी आणि “स्टँड, स्टँड!” म्हणणाऱ्यांनी टिकवून धरलाय.

पण ज्या नोंदीवर माझं पेन थांबलं ती विमानाची. पहिल्या भागात हेलन विमान चालवतेय, मागे दोन पोरं लपून आलीयत आणि क्षेपणास्त्रं सोडलीयत. ती मुलीला ओरडून सांगते, विमानाभोवती तुझं सुरक्षाकवच उभं कर. मुलीने एवढं मोठं कवच कधी केलेलं नाही. तिला जमत नाही. विमान फुटतं. हेलन पोरांना स्वतःच्या अंगात गुंडाळून घेते, खाली पडता पडता स्वतःचं पॅराशूट करते, समुद्रात पडल्यावर होडी होते. पोरं किंचाळत असतात, तर त्यांना दम देते की आत्ताच्या आत्ता गप्प व्हा, नाहीतर महिनाभर घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. भर समुद्रात! जळता सांगाडा शेजारी, आणि बाई शिक्षेचा कालावधी ठरवतेय. इथपर्यंत मी खो खो हसले.

मग किनाऱ्यावरच्या गुहेत मुलगी माफी मागायला लागते, आणि हेलन तिला थांबवते. म्हणते, चूक तुझी नाही. एकाएकी तुझ्याकडून एवढं मागणं हेच बरोबर नव्हतं.

हे वाक्य मी याआधी निदान बारा वेळा ऐकलं असेल, बहुतेक वेळा भांडी आवरता आवरता. या वेळी मला आमची कोल्हापूर आठवली.

कोल्हापूर म्हणजे टीममधली सगळ्यांत नवी मुलगी. जानेवारीत शुक्रवारी रात्री एक रिलीज होतं, म्हणजे क्लायंटकडे नवं सॉफ्टवेअर चालू करायचं काम. जो करणार होता त्याच्या घरी साखरपुडा निघाला. मी हिला म्हटलं, “तुला जमेल गं. थोडं स्ट्रेच कर.” ती रुजू होऊन चार महिने झाले होते. ती “हो मॅम” म्हणाली, कारण चार महिन्यांत माणूस दुसरं काही म्हणू शकत नाही. शनिवारी सकाळी क्लायंटचं पेमेंट पेज दोन तास आडवं. सोमवारच्या कॉलवर कारण विचारलं गेलं तेव्हा मी म्हणाले, “टेस्टिंग थोडं कमी पडलं.” शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन प्रयोग शिकवतात. ऑफिसात चौथा असतो, त्यात कर्ता पळून गेलेला असतो. सगळ्यांनी बरोबर तिच्या खिडकीकडे पाहिलं. तिचा कॅमेरा बंद झाला. अदृश्य व्हायची कला फक्त सिनेमातल्या मुलींना येते असं नाही.

मी बारा स्लाइड केल्या. मॅनेजरने त्या ‘जस्ट एक नजर’ टाकायला मागवल्या.

“खर्चाची काढू या का? फायनान्सवाले समोर बसणार.”

काढली.

“ओढणीची राहू दे, सेफ्टीत बसते. ही गुहेची काय आहे? सॉरी वगैरे? निगेटिव्ह जातंय मॅडम. लीडरने सॉरी म्हटलं की क्लायंट बिलात मागतो.”

काढली. शेवटी तीन उरल्या, पहिली माझ्या नावाची आणि शेवटची ‘धन्यवाद’ची. मधल्या स्लाइडवर लांबलचक ताणलेली इलॅस्टिगर्ल होती. “ही बेस्ट आहे,” तो म्हणाला. “यंदा आपल्या सगळ्यांनाच स्ट्रेच करायचंय.” ओढणी शेवटी फॉन्ट मोठा करताना गेली.

आठ मार्चचा ड्रेस कोड जांभळा. माझ्याकडे जांभळ्या रंगाची एकच वस्तू, ती म्हणजे बादली. म्हणून जाऊबाईंची पैठणी मागून आणली. त्यांच्या लग्नातली, पदरावर मोर. देताना त्यांनी ती माझ्या हातात दिली पण बराच वेळ सोडली नाही. “जपून हं,” एवढंच म्हणाल्या. वाकडच्या पुलावर पाऊण तास अडकून मी हॉलमध्ये पोचले ती घडीसुद्धा न मोडता.

कॉलरला लावायचा माइक साडीला कुठे लावायचा यावर एचआरवाली आणि साउंडवाला यांची चर्चा झाली आणि तो खांद्याच्या पिनेला खोचला गेला. मला पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसवलं. समोर शंभरेक माणसं, भिंतीवरच्या स्क्रीनवर बंगलोर आणि हैदराबादची ऑफिसं. नाव पुकारलं गेलं. मी हसत उठले, दोन पावलं टाकली, आणि माझ्यामागून खुर्चीही निघाली.

एडनाबाई, तुमच्या यादीत क्षेपणास्त्र होतं, टर्बाइन होतं, लिफ्ट होती, भोवरा होता. खुर्चीचं चाक नव्हतं.

मी ओढलं, चाक फिरलं, मोर आणखी आत गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. बंगलोरहून कुणीतरी अंगठा पाठवला. मॅनेजर एकदम उठला आणि काय करावं ते न सुचल्यामुळे परत बसला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी पळत आलं, गुडघ्यांवर बसलं आणि खुर्चीखाली शिरलं. कोल्हापूर. दातांत हेअरपिन, हातात स्टेशनरीच्या कपाटातली कात्री.

“मॅम, हलू नका. ग्रीसला चिकटलाय.”

मी हलले नाही. हॉलमध्ये कुजबुज, एचआरवाली “टेक्निकल इश्यू, टेक्निकल इश्यू” म्हणत फिरतेय, आणि माझ्या पायाशी ही पोरगी चाक उलटं फिरवत एकेक धागा सोडवतेय. चार महिन्यांची असताना हिला मी बुडवली होती. मी खाली वाकले आणि हळूच म्हणाले, “ऐक गं. जानेवारीतल्या त्या रिलीजला तुझी चूक नव्हती. तुझ्यावर एवढं टाकायलाच नको होतं. मी टाकलं, आणि सोमवारी नावही घेतलं नाही माझं. माझं चुकलं.”

चाक थांबलं. कुजबुजही थांबली. बंगलोरमधल्या एकाने हेडफोन काढून पुन्हा घातला.

“मॅम,” ती खुर्चीखालून म्हणाली, “माइक चालू आहे.”

फायनान्सवाले पुढे झुकून ऐकत होते. मॅनेजर छताकडे बघत होता. स्क्रीनवर इलॅस्टिगर्ल या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. मी माइक काढला नाही, कारण तो काढायचा कसा हे साउंडवाल्याने सांगितलंच नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “थँक यू मॅम. आता कापू का?”

एका मोराची शेपटी गेली, साधारण दोन बोटं. जाऊबाईंचे परवापासून तीन फोन येऊन गेलेत. मी त्यांना सांगितलंय की साडी ड्रायक्लीनला दिलीय.